न किडलेला दात का हलतो?

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची, म्हणजे दात घासण्याच्या काडीची, अनुज्ञा दिल्याचे नमूद आहे. तोंडाला दुर्गंधी येत नाही, अन्नाची चव कळते, असे तिचे पाच लाभ तेथे सांगितले आहेत. मुखशुद्धीचा हा विचार इतका जुना आहे.

असे असूनही चाळिशीनंतर अनेकांचे दात हलू लागतात. दात किडलेला नसतो, दुखतही नसतो. ‘वय झाले’ म्हणून आपण गप्प बसतो. वस्तुतः दोष बहुधा वयाचा नसून हिरडीच्या रोगाचा असतो.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रोवलेले असते. हिरडीच्या कडेला दातावर जिवाणूंचा चिकट थर रोज जमतो. तो साचून राहिला की हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. या अवस्थेत हाड शाबूत असते. नीट स्वच्छता राखली तर हिरडी पूर्ववत होते.

दुर्लक्ष केल्यास त्या थराचे कठीण किटण बनते आणि हिरडी दातापासून सुटू लागते. निरोगी हिरडीची खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. रोगात ती याहून खोल होते व तिच्यात जिवाणू दडून बसतात. त्यांच्याशी लढताना शरीरच काही द्रव्ये सोडते. त्या द्रव्यांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि दाताचा आधार खचतो. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. मात्र उपचाराने पुढील झीज थांबवता येते.

आपल्या इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करताना तंबाखूचा बार भरला जातो, घरी मशेरी लावली जाते. तंबाखूने हिरड्यांची हानी होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्त कमी येते, त्यामुळे रोग लपून राहतो. मधुमेह काबूत नसल्यास हाडाची झीज वाढते.

रक्त येते म्हणून ब्रश सोडू नये. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. किटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडून काढून घ्यावे. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. सैल झालेला दात किटणामुळे घट्ट भासत असतो, एवढेच.

दुःखाला कारण असते व कारण दूर केल्यास दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण आहे. हिरडीतून येणारे रक्त हे कारण वेळीच ओळखण्याची पहिली खूण होय.