हात हलका ठेव

सातारा

चि. ओंकार,

तुझ्या आईचा फोन आला होता. गळ्यावर पुरळ उठलंय, डॉक्टरांनी मलम दिलंय, आणि आता तू साडेतीन हजारांचा जर्मन रेझरचा सेट मागवणार आहेस, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मलम लाव. सेट मागवू नकोस.

सेफ्टी रेझरकडे वळायचं तुझ्या मनात आलं, हे मात्र मला पटलं. पाच पात्यांच्या कार्ट्रिजनं तुझ्या गळ्याची जी दशा केली, तिचं कारण साधं आहे. पुढचं पातं केस धरून जरा बाहेर ओढतं, मागचं तो कापतं, आणि कापलेलं टोक कातडीच्या आत जाऊन बसतं. सरळ केसांच्या माणसाचं यात काही बिघडत नाही. तू आजोळावर गेलास, तुझे केस कुरळे. आत गेलेलं टोक वाढताना वळतं आणि बाहेर न येता कातडीतच रुततं. तिथं पुळी येते, आणि दुसऱ्या दिवशी तू त्या पुळीवरून पुन्हा पाच पाती फिरवतोस. एका पात्याचा रेझर केस कातडीच्या पातळीला कापून सोडून देतो. त्याचा मोठेपणा एवढाच. जुन्या काळचा रुबाब, मर्दानी थाट वगैरे गोष्टी विकणाऱ्यांनी जोडलेल्या आहेत.

सांगलीत हरभट रोडला एखाद्या जुन्या जनरल स्टोअर्समध्ये जा आणि तीन तुकड्यांत सुटणारा साधा धातूचा रेझर माग. दांड्यावर खाचा हव्यात, म्हणजे साबणाच्या हातातून निसटत नाही. पात्यांची मात्र दोन-तीन वेगवेगळी पाकिटं घे: टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन, जे मिळेल ते. एकाच्या गालाला मानवणारं पातं दुसऱ्याला खरवडतं, आणि हे वापरल्याशिवाय कळत नाही. एक ब्रश, क्रीमची एक ट्यूब, तुरटीचा एक खडा. संपलं सामान. उरलेल्या पैशांची पुस्तकं घे, नाहीतर भडंग खा.

हे यंत्र नवं नाही. किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यानं १९०३ साली ते बाजारात आणलं, तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर उचलले आणि जगभरच्या पुरुषांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली. तोवर आपल्याकडे बहुतेक घरांत दाढी हे न्हाव्याचं काम. बारा बलुतेदारांतला तो एक. धोकटीत वस्तरा, चामोटा, कातरी, नराणी, वाटी आणि आरसा घेऊन तो दारात यायचा आणि वर्षाचं बलुतं खळ्यावर धान्यानं घ्यायचा. वस्तरा म्हणजे उघडं पातं. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या हाती बिनदिक्कत गळा दिला, त्याला मान मात्र त्या विश्वासाच्या मापानं कधी दिला नाही. प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला सय्यद बंडाला अडवणारा जिवा महाला याच समाजाचा. त्याचं नाव आपण वर्षातून एकदा भाषणात घेतो आणि मग विसरतो.

दुसरी गोष्ट त्याहून कमी जणांना ठाऊक असते. गेल्याच्या गेल्या शतकात ब्राह्मण घरांतल्या विधवांचं सक्तीनं केशवपन होई, आणि तो वस्तराही न्हाव्याच्याच हातातला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं की यापुढे विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. आणि फुल्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. त्याच काळात ‘सुधारक’मधून या चालीवर कोरडे ओढणारे आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. (टेंभूचं नाव आता तुमच्या खानापूर-आटपाडीकडच्या माणसाच्या तोंडी असतं ते उपसा योजनेच्या पाण्यामुळे. आगरकरांनाही ते आवडलं असतं.) आगरकरांनी लेखणीनं जे सांगितलं ते मोठंच होतं, पण मला न्हाव्यांचा ठराव जास्त मोलाचा वाटतो. काम नाकारलं की गिऱ्हाईक तुटणार आणि चूल थंड होणार ती त्यांची. शास्त्रार्थ करत बसलेल्यांना जे उमगायला फार वेळ लागला, ते हातावर पोट असलेल्यांनी एका सभेत ठरवून टाकलं.

हे सगळं तुला सांगण्यामागे एक व्यवहाराचं कारणही आहे. रेझर हाती धरण्याआधी एकदा सलूनमध्ये जाऊन दाढी करून घे, आणि मोबाइल खिशात ठेवून आरशात त्या माणसाच्या हातांकडे बघ. वस्तरा फिरवण्यापेक्षा फेस घोळवण्यात त्याचा जास्त वेळ जातो. डाव्या हाताची दोन बोटं सतत कातडी ताणत असतात. वस्तरा त्यानं चिमटीत धरलेला असतो, मुठीत नाही. जे व्हिडिओ तू रात्र-रात्र बघतोस त्यात हे सगळं असतं, पण आपल्या स्वतःच्या गालावर त्या हाताचं वजन किती कमी पडतं, हे व्हिडिओत कळत नाही. आणखी एक: पातं मोडून त्याचा अर्धा भाग वस्तऱ्यात तुझ्या डोळ्यांसमोर लावायला सांग. लाजू नकोस. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही रक्तातून जातात, आणि चांगला कारागीर या मागणीचा राग मानत नाही. होस्टेलवर मित्राचा रेझर उसना घ्यायचा नाही, आपला द्यायचा नाही, तेही याचसाठी.

आता तुझी स्वतःची दाढी. गळा पूर्ण बरा होईपर्यंत तिथं पातं लावू नकोस. तोवर दाढी वाढू दे, आणि दोन-तीन दिवसांच्या खुंटांवरून बोटं फिरवून बघ. जिकडून हात गुळगुळीत जातो ती सुलट, जिकडून खरखरतो ती उलट. गालावर बहुतेकांचे केस खाली वळलेले असतात. गळ्यावर मात्र कुणाचे आडवे, कुणाचे खालून वर, आणि कुणाकुणाला डोक्यावर असतो तसा भोवरा. श्रावण पाळणाऱ्यांना हा नकाशा आयता मिळतो, पाळण्याचा तेवढा एक फायदा तुझ्यासारख्या नास्तिकानंही पदरात पाडून घ्यायला हरकत नाही. तुझ्या गळ्याचं दुखणं निम्मं इथंच असणार. तू सवयीनं वरून खाली ओढतोस आणि तुझे केस तिथं दुसरीकडेच तोंड करून आहेत.

दाढी अंघोळीनंतर कर. केस पाणी पितो आणि मऊ होतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. घाई असेल त्या दिवशी दाढी करूच नकोस. परीक्षक तुझी बिनपाण्यानं करायला बसलेलेच आहेत, तू स्वतःची करू नकोस. ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेव, झटक, क्रीम वाटाण्याएवढं घे आणि गालावरच गोल गोल घोळव. मधून मधून ब्रशचं टोक पाण्यात बुडव. फेस फुगलेला आणि कोरडा झाला की दिसायला छान, कामाला नालायक. तो सायीसारखा ओला आणि दाट हवा.

इथं तुला एक अडचण येईल. साताऱ्यात आपण कासचं पाणी वापरतो. ते पठारावरचं पावसाचं पाणी, हलकं, साबण दाखवला की फेस. होस्टेलच्या नळाला बोअरचं पाणी येत असेल तर त्यातले क्षार साबणाशी भांडतात. फेस बसतो, चिकट साका होतो आणि तुला वाटेल क्रीम खराब आहे. अशा वेळी क्रीम जरा जास्त घे, किंवा फेसापुरतं तांब्याभर पिण्याचं फिल्टरचं पाणी वापर. त्यावर उपाय म्हणून परदेशी साबण घेऊ नकोस, तोही त्याच पाण्यात फसेल.

पातं लावताना रेझरचं वरचं टोपण उलटं धर, पातं आखूड बाजूंनी उचलून त्यावर ठेव, खालची पट्टी बसव, दांडा आवळ. धारेला बोट लावून बघायचं नाही. मग टोपण गालावर सपाट टेकव, दांडा काटकोनात बाहेर. दांडा हळूहळू खाली आण. केस कापल्याचा बारीक आवाज आला की थांब. साधारण ३० अंशांचा तो कोन होतो. इंजिनिअरिंगच्या पोराला याहून जास्त काय सांगू?

कोन दोन दिवसांत जमेल. दाब जायला महिना लागेल. कार्ट्रिजचं डोकं हलतं, दाब सोसून घेतं, त्यामुळे तुझ्या मनगटाला दाबायची सवय लागली आहे. या रेझरचं डोकं हलत नाही. तू दाबलंस की पात्याला कातडीशिवाय दुसरीकडे जायला जागा नाही. तो धातूचा आहे, त्याचं स्वतःचं वजन केस कापायला पुरतं. तू फक्त त्याला वाट दाखवायची. दांड्याच्या खालच्या टोकाकडे धर, म्हणजे दाबायची इच्छा झाली तरी दाबता येणार नाही. बोटभर लांबीचे छोटे हात मार, दर दोन-तीन हातांनी रेझर मगमध्ये बुडवून हलव. पहिला महिना फक्त सुलट. त्यानंतर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात गळ्यावर कधीच नको. दुपारी गळ्यावरून हात फिरवल्यावर थोडं खरखरलं तर खरखरू दे. गळा गुळगुळीत हवा हा हट्ट सोडलास तर निम्म्या पुळ्या येणारच नाहीत.

मगवरून आठवलं. याच जिलेट कंपनीनं २००२ मध्ये भारतासाठी एक रेझर आणला. बोस्टनजवळ एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर तो आधी वापरून पाहिला होता आणि त्यांना तो आवडला होता. इथं मात्र तो पडला, कारण तिथल्या मुलांना वाहता नळ होता आणि इथला माणूस पेलाभर पाण्यात दाढी उरकत होता. पात्यांमध्ये केस अडकून बसायचे. मग कंपनीची माणसं इथं येऊन लोकांच्या घरात बसली, आणि २०१० मध्ये एका पात्याचा, सहज धुतला जाणारा रेझर १५ रुपयांना निघाला. आपल्या पेल्यातल्या पाण्याचं त्यांना कळायला एवढी वर्षं लागली.

शेवटी गार पाण्यानं तोंड धू आणि ओली तुरटी फिरव. जिथं झोंबेल तिथं आज दाबलंस असं समज. याहून प्रामाणिक मास्तर तुला वालचंद कॉलेजात भेटणार नाही. मिनिटभरानं धुऊन टाक आणि खोबरेलाचे दोन थेंब लाव. सुगंधी आफ्टरशेव्हची बाटली कुणी भेट दिली तर कपड्यांना लाव.

पातं चार-पाच दाढ्या देतं. ओढायला लागलं की त्याच दिवशी बदल. तुझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत असल्यापासून काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला पातं घासून धार काढायचे, आणि ते तुला कुणीतरी सांगेलच. ती पाती साध्या पोलादाची, गंजणारी होती. स्टेनलेसची विल्किन्सनची पाती बाजारात आली ती १९६२च्या सुमाराला. आजच्या पात्याच्या धारेवर पातळ लेप असतो, तो घासून घालवण्यात अर्थ नाही. पुसूही नकोस, झटकून वाळू दे.

काढलेली पाती होस्टेलच्या कचऱ्याच्या बादलीत टाकशील तर मला ते अजिबात चालणार नाही. घंटागाडीवरची माणसं तो कचरा उघड्या हातांनी निवडतात. पत्र्याच्या एखाद्या डबीच्या झाकणाला चीर पाड, पाती त्यात टाकत जा, भरली की चिकटपट्टीनं गच्च बंद कर, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिही आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून दे.

तुझा,
मामा