मूर्तिजापूरच्या पाटीवरील पायऱ्या

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरहून अमरावती जिल्ह्यातील अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूस यवतमाळला जाणाऱ्या ‘शकुंतला’ गाडीचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर! १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनाने धावत असे. आता ती बंद आहे. पण संगणकावरील आगगाडीच्या खेळात आपण तिचे स्टेशन पुन्हा उभारू शकतो. तयार खेळात अशी स्वतःची भर घालण्याला ‘मॉडिंग’ म्हणतात आणि वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवायच्या चित्राला ‘टेक्श्चर’.

समजा, तुम्ही मूर्तिजापूर स्टेशनची पाटी रंगवली. पिवळी जमीन, काळी अक्षरे. खेळ सुरू करून पाहता तो काय? शिरोरेषा सरळ, पण ‘मू’चा उकार आणि ‘र’चा तिरका पाय करवतीसारखा दातेरी! असे का व्हावे?

घरी दसुतीच्या कापडावर भरलेला मोर असेल तर तो जवळून पाहा. त्याच्या मानेची कडा पायऱ्या-पायऱ्यांची दिसेल, कारण टाका चौकोनी घरातच पडतो. संगणकाचे चित्रही अशाच बारीक चौकोनांचे असते. एका चौकोनाला ‘पिक्सेल’ म्हणतात आणि एका पिक्सेलला एकच रंग देता येतो.

आता एक प्रयोग करू. आलेखाच्या कागदावर एका चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून तिरकी रेषा काढा. दर ४ घरे उजवीकडे गेल्यावर ती १ घर वर चढली पाहिजे. रेषेखालचा भाग म्हणजे अक्षराची शाई असे समजा. आता नियम असा, की निम्म्याहून अधिक भाग रेषेखाली असेल तर घर पूर्ण काळे करायचे, नसेल तर कोरे सोडायचे. पहिली २ घरे कोरी राहतील, पुढची २ काळी होतील. हीच पायरी!

शेजारी तीच रेषा पुन्हा काढा. या वेळी घराचा जेवढा भाग रेषेखाली आहे तेवढीच छटा पेन्सिलीने द्या. पहिल्या घरात १/८, मग ३/८, ५/८ आणि ७/८. दोन्ही आकृती भिंतीवर लावून चांगले लांब जा. पहिलीतील पायऱ्या ओळखू येतील, दुसरीतील कडा बरीच सरळ भासेल. या युक्तीला ‘अँटी-एलियासिंग’ म्हणतात.

संगणकावर हे कसे साधावे? पाटी लांबीला आणि रुंदीला चौपट मोठी रंगवा आणि शेवटी लहान करा. लहान करताना १६ पिक्सेलांच्या रंगांची सरासरी काढणारी पद्धत निवडा. १६ पैकी ६ काळे असतील तर ६/१६, म्हणजे ३/८ छटा येते. आपल्या दुसऱ्या घराचेच उत्तर! मात्र लहान चित्र ताणून मोठे केल्याने काही साधत नाही. जी माहिती चित्रात नव्हती ती ताणल्याने कोठून येणार?

पाटी लांब गेली की नवी अडचण येते. ५१२ पिक्सेल रुंदीच्या पाटीला पडद्यावर ३०च पिक्सेल मिळाले, तर खेळ काही पिक्सेल उचलतो आणि बाकीचे गाळतो. गाडी हलताच ही निवड बदलते आणि अक्षरे लुकलुकतात. यासाठी २५६, १२८, ६४ अशा निम्म्या-निम्म्या मापाच्या प्रती आधीच करून ठेवतात. त्यांना ‘मिपमॅप’ म्हणतात. लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. सगळ्या प्रतींना मिळून जागा मूळ चित्राच्या फक्त एक तृतीयांश जास्त लागते. १/४ + १/१६ + १/६४... अशी बेरीज करून पाहा.

पाटीशेजारी कडुनिंब लावलात, तर पानांभोवतीचा भाग पारदर्शक ठेवावा लागेल. काही खेळांत पारदर्शकता ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच ठरवतात. तेथे पायऱ्या परत येतात. म्हणून मधल्या छटा चालणारा प्रकार निवडा. तरीही पानांना पांढरी किनार दिसली, तर न दिसणाऱ्या पिक्सेलांत पांढरा रंग दडलेला आहे असे समजा. कडेचा रंग ठरवताना तोही सरासरीत मिसळतो. पानाचा हिरवा रंग कडेबाहेरच्या पारदर्शक भागातही पसरा, म्हणजे किनार जाईल.

आता तुमच्या लक्षात आले असेल की दोष चौकोनांचा नाही. चौकोनाला आपण ‘होय की नाही’ असे विचारले म्हणून पायऱ्या पडल्या. ‘किती’ असे विचारताच त्या विरल्या.

जाता जाता एक प्रश्न. रेषा दर ३ घरांना १ घर चढत असेल, तर पहिल्या तीन घरांच्या छटा किती येतील? मधले घर नीट मोजा. ‘होय-नाही’च्या नियमाने त्याचा निवाडा कसा कराल?