थंडरबर्डची फुगलेली वही

आमच्या मंडळाच्या अंकासाठी पैनगंगेच्या दोन्ही काठांवरून मेलने साहित्य येतं आणि आदिलाबादच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये जमा होतं. मी शेकडो जुने मेल डिलीट केले, ट्रॅशही रिकामा केला. तरी डिस्क भरलेलीच. असं का?

थंडरबर्ड नेहमीच्या 'एमबॉक्स' पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये सलग लिहितो. डिलीट म्हणजे वहीतल्या मजकुरावर काट मारणं. पान वहीतच राहतं. शिवाय अटॅचमेंट अक्षरांच्या रूपात साठवली जाते, म्हणून 3 एमबीचा फोटो 4 एमबीहून थोडा जास्तच भरतो.

उपाय असा :

1. थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. एफएटी32 पेनड्राइव्हवर 4 जीबीची एक फाइल मावत नाही, हे ध्यानात ठेवा.
2. फोटो आधी 'सेव्ह' करा, मगच मेलमधून काढा.
3. वर्षवार फोल्डर करा, म्हणजे एकच फाइल फुगत नाही.
4. शेवटी 'कॉम्पॅक्ट' करा. तेव्हा फाइलची नवी स्वच्छ प्रत तयार होते, म्हणून तेवढी जागा मोकळी हवी.

क्रम मात्र चुकवू नका. कॉम्पॅक्टनंतर काट मारलेला मजकूर त्या फाइलमध्ये उरत नाही. पाठवणाऱ्याने प्रत ठेवली नसेल, तर ती कविता फक्त आपल्याकडेच असते.