बालकांचे वाढते वजन : गटशिक्षणाचा मार्ग

पुरुषोत्तमनगर हे शहादा तालुक्यातील साखर कारखान्याचे गाव. नंदुरबार जिल्ह्याचे नाव निघताच बालकांचे कुपोषण आठवते. परंतु कुपोषणास दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले.

अशा बालकास उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. उंची वाढत असल्याने वजन स्थिर राखणेही पुष्कळदा पुरेसे ठरते. सवयी मात्र घराच्या असतात. म्हणून शिक्षण संपूर्ण कुटुंबास हवे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवा तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये सहा वर्षे व त्यावरील लठ्ठ मुलांसाठी वर्षभरात किमान २६ तासांच्या वर्तनविषयक मार्गदर्शनाची शिफारस केली. आठवड्यास एक तास दिल्यास ते सहा महिन्यांत साधते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ-दहा कुटुंबे एकत्र बसवावीत. आहार व खेळ यांची नोंद ठेवावी आणि दर आठवड्यास एकच बदल ठरवावा : गोड सरबताऐवजी ताक, बिस्किटांऐवजी फळ, दूरदर्शन संचासमोर न जेवणे, रोज तासभर मैदानी खेळ.

शिक्षकांनी वजन चारचौघांत जाहीर करू नये. चिडविण्यास आळा घालावा. पंचायतीने क्रीडांगण मोकळे राखावे. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व भोवतालच्या ५० मीटर परिसरात अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे, तिचे पालन व्हावे. अंगणवाडीतील वजनकाटा कृश बालक दाखवितो, तसाच स्थूलही. दोघांचीही वेळीच दखल घेणे हे गावाचे कर्तव्य होय.