औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा

सभासद बंधू-भगिनींनो,

दोन औषधे एका पंपात चालतात का, हे विचारायला तुम्ही गट ऑफिसला येता. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात रोज पाच-सहा गोळ्या जातात, त्यांचे एकमेकींशी जमते का, हे आपण कुणाला विचारतो?

मीही विचारले नव्हते. वडिलांना विसर पडू लागला. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आम्ही दोन वर्षे घालवली. मग डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगून डोनेपेझिलची गोळी सुरू केली. पुढे त्यांना वारंवार लघवीला होऊ लागले, म्हणून दुसऱ्या दवाखान्यातून ऑक्सिब्युटिनिन आणली. थोड्याच दिवसांत ते घरची माणसे ओळखेनात. आजार वाढला, असे आम्ही धरून चाललो. पहिल्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली आणि म्हणाले, “एक बैल पुढे ओढतोय, दुसरा मागे!”

कारण असे, की मेंदूतले अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य आठवणीला लागते. डोनेपेझिल ते टिकवते, ऑक्सिब्युटिनिन त्याचे काम अडवते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतले क्लोरफेनिरामिनही तेच करते. शिवाय वारंवार लघवी होणे हा डोनेपेझिलचाही परिणाम असू शकतो. म्हणजे एका गोळीचा त्रास मारायला दुसरी गोळी! डोनेपेझिलने नाडीही मंदावू शकते. सोबत रक्तदाबाची अ‍ॅटेनोलॉल असली तर धोका वाढतो, चक्कर येऊन माणूस पडतो.

तेव्हा एवढे करा :

१) सगळी पाकिटे, डोळ्यांचे थेंब, चूर्ण-काढेसुद्धा एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

२) सर्दी, झोप, अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका.

३) गोळ्या एकाच माणसाने हातात द्याव्यात. घेतलेली गोळी विसरून म्हातारी माणसे पुन्हा घेतात.

४) नव्या गोळीनंतर भ्रम, गुंगी, चक्कर आली, लघवी तुंबली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

५) मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

वडिलांची दुसरी गोळी डॉक्टरांनी थांबवली. मूळ आजार आहे तसाच आहे, तो बरा होणारा नाही. पण महिन्याभराने त्यांनी मला नावाने हाक मारली. तुमच्या घरची पिशवी आजच उघडून बघा.

आपला,
ऊस विकास अधिकारी