रांगत्या बाळासाठी घराची जमीन कशी असावी?



मागच्या पावसाळ्यात नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवर महिलांच्या बैठकीला गेले होते. बैठक झाल्यावर एका ताईंनी नवं घरकुल बघायला नेलं. बाहेरून सुंदर निळा रंग, दारावर धम्मचक्र, ओट्यावर चकचकीत टाइल्स. आत गेले तर भिंती पक्क्या, स्लॅब पक्का आणि पायाखाली नुसता मुरूम. त्या मुरुमावर नऊ महिन्यांचं बाळ रांगत होतं. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा त्याला जुलाब लागले होते.

"ताई, आतल्या फरशीपर्यंत पैसे पुरले नाहीत. आता जयंतीच्या आधी बघू," ताई म्हणाल्या. ओट्याला मात्र टाइल्स कशा? "येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच दिसतं ना!"

त्या ताईंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हेच होतं. पैसे पाया, भिंती आणि स्लॅबमध्ये जातात, उरलेले दर्शनी भागावर. आतली जमीन शेवटी राहते. पण घरातलं सर्वांत लहान माणूस दिवसभर त्या जमिनीवरच असतं. म्हणून आजच्या पाठात जमिनीचा विचार करू.

जमिनीतून आजार कसा येतो?

सहा महिन्यांनंतर बाळ पालथं पडतं, सरकतं, रांगतं. हाताला लागेल ते तोंडात घालतं. आपण चपलेबरोबर, कोंबड्या-शेळ्या आपल्या पायांबरोबर बाहेरची घाण आत आणतात. पक्की जमीन धुता-पुसता येते. कच्च्या जमिनीत ती घाण मुरते आणि ओल असेल तर जंतू टिकतात. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. मूल पांढरं पडतं, चिडचिड करतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. आपण मात्र म्हणतो, "याचं अंगच बारीक."

दूरच्या मेक्सिको देशात याचा पुरावा मिळाला आहे. तिथल्या कोआविला राज्याच्या सरकारने २००० साली गरीब घरांतली मातीची जमीन सिमेंटची करून देण्याची योजना काढली. सरकार कालवलेलं काँक्रीट दारात पोचवी. घरच्यांनी आधी खोली रिकामी करून जमीन सपाट करायची आणि काँक्रीट स्वतः पसरायचं. पुढे संशोधकांनी या घरांची तुलना शेजारच्या राज्यातल्या, योजना न मिळालेल्या तशाच घरांशी केली. जिथे सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली, तिथे लहान मुलांतल्या जंतांचं प्रमाण ७८ टक्क्यांनी, जुलाबाचं ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षयाचं ८१ टक्क्यांनी कमी आढळलं. आयांच्या मनावरचा ताणही कमी झाला होता. तिथे टाइल्स नव्हत्या, साधा सिमेंटचा कोबा होता.

कोणती जमीन निवडावी?

कोणतीही जमीन निवडताना चार गोष्टी बघा. ती कोरडी राहते का? पाण्याने पुसता येते का? ओल्या पायाने घसरायला होतं का? तिच्यात भेगा, फटी, धारदार कडा आहेत का?

शेणाने सारवलेली जमीन : सारवल्याने धूळ बसते, पण जमीन निर्जंतुक होत नाही. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत ताजं सारवण नको आणि बाळाच्या नाळेला माती, राख, शेण काहीही लावायचं नाही. सारवणाशिवाय इलाज नसेल तर जमीन पूर्ण वाळेपर्यंत बाळाला खाली सोडू नका.

सिमेंटचा कोबा : माझ्या मते लेकराच्या घरासाठी सर्वांत परवडणारा आणि चांगला. नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. पृष्ठभाग घसरडा होईल इतका घोटू नये.

शहाबादी फरशी : कर्नाटकातल्या शहाबादहून आलेला हा दगड आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. मजबूत आणि तुलनेने स्वस्त. दोष सांध्यांचा. सांधे नीट भरले नाहीत तर त्यांत खरकटं, पाणी आणि मुंग्या. सांधे सिमेंटने गच्च भरून घ्या.

टाइल्स : पुसायला सोप्या, पण चकचकीत टाइल पाणी सांडलं की घसरते. पहिली पावलं टाकणारं मूल, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांना धोका. घ्यायच्याच असतील तर मॅट फिनिशच्या मागा. दुकानातच टाइलवर पाणी ओता, चप्पल काढून ओला पाय घासून बघा. मोरीत तर खरखरीतच हवी. फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवणार असाल तर कडा वर राहू देऊ नका, रांगत्या बाळाचे गुडघे कापतात.

प्लास्टिकचं मॅट : भाड्याच्या खोलीत सोयीचं. पण कच्च्या जमिनीवर टाकलं की खाली ओल धरते आणि बुरशी येते. आठवड्यातून एकदा उचलून उन्हात टाका. चुलीजवळ किंवा गॅसजवळ नको.

कोबा करताना

जिल्ह्याच्या उत्तर भागात काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची जमीनही फोडते. म्हणून काळ्या मातीवर थेट कोबा टाकू नका. वरची माती काढून मुरूम भरा, थराथराने पाणी मारून धुमसाने ठोका. जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा उंच हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत येणारच. मुरुमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर खालची ओल वर येत नाही.

त्यावर एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, आठ भाग खडी असा तीन इंचांचा थर. वर एकास दोन, चार या प्रमाणात बारीक खडीचा एक इंचाचा थर. शंभर चौरस फुटांना दोन्ही थर मिळून साधारण चार गोण्या सिमेंट लागतं. उतार मोरीकडे किंवा दाराकडे ठेवायला गवंड्याला आधीच सांगा.

दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस कोबा ओला ठेवायचा. आपल्याकडे पाण्याची टंचाई. म्हणून वर गोणपाट अंथरून ते भिजवत राहा, कमी पाण्यात काम होतं. कोबा कोरडा पडला तर भेगा पडतात आणि वरचा थर भुकटी होऊन निघतो. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, तेव्हा मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

आता हिशोब करू. घरकुल २६९ चौरस फुटांचं धरलं तर सगळ्या जमिनीला दहा-अकरा गोण्या सिमेंट. पाया खणतानाच एवढ्या गोण्या, वाळू, खडी आणि मजुरीचे पैसे वेगळे काढून ठेवा. ओट्याच्या टाइल्स, रंग, पीओपी नंतर. रमाई आवास योजना ज्या माउलीच्या नावाने आहे, तिची यशवंत सोडून चार लेकरं लहानपणीच गेली. तिच्या नावाच्या घरात लेकराच्या पायाखालची जमीन शेवटी राहू नये.

आज पैसे नसतील तर

सगळी खोली जमत नसेल तर चार फूट बाय सहा फुटांचा एक कोपरा पक्का करा. तो बाळाचा कोपरा. तिथे चप्पल नाही, कोंबडी नाही, चूल नाही. कोंबड्या रात्री डालग्यात, डालगं घराबाहेर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कोपीत जाड ताडपत्री आणि वर धुतलेली गोधडी अंथरावी. दोन्ही रोज झटकून उन्हात टाकावीत.

जमीन झाडण्याची पद्धत तर आपल्या धम्मातच सांगितली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना निवासाच्या स्वच्छतेचे नियम घालून दिले आहेत. जमीन घोटलेली असेल तर फडकं भिजवून, पिळून पुसावी. कच्ची असेल तर आधी पाणी शिंपडावं, मग झाडावी, म्हणजे धूळ उडत नाही. अंथरुणं बाहेर काढून उन्हात घालावीत, झटकावीत आणि मग जागेवर ठेवावीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे नियम आजही नर्सिंगच्या वर्गात शिकवावेत असे आहेत.

एक लक्षात ठेवा, नुसती फरशी पुरत नाही. संडासानंतर आणि भरवण्याआधी साबणाने हात, झाकलेलं पाणी आणि अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी हे सोबत हवंच. जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा, आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. शौचात रक्त पडलं, बाळ मलूल झालं किंवा काहीच पीत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावातल्या कमी शिकलेल्या, पुष्कळशा दलित असलेल्या बायांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. आजार दवाखान्यात पोचायच्या आधी घरातच थांबवता येतो, हे त्या बायांनी गावोगाव दाखवून दिलं. आपली महिला मंडळंही हे करू शकतात. विहाराच्या बांधकामाला आपण श्रमदान करतोच. या वर्षावासात वस्तीतलं एक घर निवडा, जिथे रांगतं बाळ आहे आणि जमीन कच्ची आहे. कुणी मुरूम ठोकेल, कुणी एक गोणी देईल, आपल्यातलाच गवंडी एक दिवस देईल.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत पाच वर्षांखालची मुलं असलेल्या किती घरांत जमीन कच्ची आहे?
२. त्यांतल्या किती मुलांना गेल्या तीन महिन्यांत जुलाब झाले?
३. कोणत्या घरापासून सुरुवात करायची आणि कोण काय देणार?

उत्तरं वहीत लिहा. पुढच्या रविवारी वंदनेनंतर ती वही उघडा आणि पहिल्या घराचं काम ठरवूनच उठा.

जय भीम! नमो बुद्धाय!