जुनं पाहावं, नवं घ्यावं

प्रवासात जुन्या वस्तू आणि पारंपरिक कलाकाम शोधणारे लोक आता बरेच भेटतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. कुणी बिदरचा हुक्का, सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांचा जोड किंवा चेट्टीनाडमधला कोरीव दरवाजा पाहायला वाट वाकडी करत असेल तर ते चांगलंच आहे. पण पाहणं संपून खरेदी सुरू झाली की बरेच जण फसतात, आणि काही जण नकळत अशा व्यवहाराचे भागीदार होतात की खरं कळलं तर त्यांनाच वाईट वाटावं. या बाजाराकडे वर्षानुवर्षं पाहून माझं मत पक्कं झालं आहे: प्रवासात जुनं डोळे भरून पाहावं, विकत मात्र नवं घ्यावं. नवं म्हणजे यंत्रावर काढलेली नक्कल नव्हे, तर त्याच परंपरेतल्या, आज काम करत असलेल्या कारागिराच्या हातचं. हे मत अनेकांना रुचत नाही, म्हणून कारणं सविस्तर मांडते.

पहिलं कारण सर्वांना ठाऊक असतं, तरी प्रत्येकाला वाटतं की आपण त्यातून सुटू. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, कोचीच्या मट्टनचेरीतल्या ज्यू टाउनमध्ये, जोधपूरच्या लाकूडसामानाच्या गोदामांत खरं आणि बनावट शेजारीशेजारी मांडलेलं असतं. पितळेवर आम्ल लावून, ती मातीत पुरून, धूर देऊन काही दिवसांत तिला पणजीच्या काळातली कळा आणता येते. नव्या लाकडावर रंगाचे थर चढवून ते घासले की दरवाजा वाड्यातून काढल्यासारखा दिसतो. चांदी काळी पडली म्हणजे वस्तू जुनी, असं ग्राहक समजतो. दमट हवेत ती काही महिन्यांतही काळी पडते. वयाचा पुरावा रंगात शोधू नये, झिजेत शोधावा, आणि झीज जिथे हात लागतो तिथेच असायला हवी. अडकित्त्याची मूठ गुळगुळीत झालेली असेल, पण नक्षीचे खोलगट भागही तेवढेच झिजलेले दिसले तर ते काम हातांनी नाही, घासणीनं केलेलं आहे. दरवाजाच्या मागच्या बाजूला गोल करवतीच्या कमानदार खुणा असतील तर तो हातकरवतीच्या काळातला नाही. राजा रविवर्म्यांच्या छापील चित्रांचंही असंच आहे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं दगडावरून छापलेली, त्यामुळे भिंगाखाली रंगाचे ठिपके अनियमित, हातानं टिपल्यासारखे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची ठरावीक जाळी दिसते. खिशात एक भिंग असलं तर दुकानदाराच्या निम्म्या गोष्टी ऐकाव्या लागत नाहीत.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो: पारख शिकली तर खरं जुनं घ्यायला काय हरकत आहे? हरकत तिथूनच सुरू होते. वस्तू बनावट निघाली तर फक्त पैसे जातात. ती खरी निघाली तर प्रश्न अधिक गंभीर असतात.

त्यातला पहिला प्रश्न कायद्याचा. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू ही पुरावस्तू ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांसारख्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. देशाबाहेर तर खासगी व्यक्तीला त्या नेताच येत नाहीत. नेल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. आजीच्या देवघरातली अन्नपूर्णा किंवा बाळकृष्ण शंभरी ओलांडलेला असेल, तर तो तुमचा असूनही न्यू जर्सीच्या देव्हाऱ्यात नेणं कायद्याला मान्य नाही. नवी पण जुन्या घाटाची मूर्ती न्यायची असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधीच घ्यावा, विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही. हस्तिदंताबद्दल तर बोलायलाच नको. त्याची पेटी, फणी, तलवारीची मूठ कितीही जुनी आणि सुंदर असली तरी वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिची खरेदी-विक्री बंद आहे.

पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं, कारण खरा प्रश्न वस्तू कुठून आली हा आहे. कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवर जुन्या वस्तूंच्या दुकानांची रांग आहे. ब्रह्मदेशी सागाचे खांब, कोरीव चौकटी, एनॅमलचे परदेशी डबे, जुने फोटो तिथे ढिगानं मिळतात. चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशात सावकारी आणि व्यापार करून हे वाडे उभारले. दुसऱ्या महायुद्धात तिथला धंदा कोसळला, वारस विखुरले आणि वाडे एकेक करून सुटे होऊ लागले. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खांब म्हणजे जवळच्याच एखाद्या गावातला पडलेला ओटा आहे. पुण्यातल्या पेठांमधून कडीपाट, महिरपी आणि सागवानी खांब असेच बाहेर पडले आणि आता ते उपाहारगृहांच्या भिंतींना लावलेले दिसतात. ग्राहक खांब घेतो तेव्हा तो वाडा वाचवत नाही, पुढचा वाडा सुटा करण्याची किंमत ठरवतो. पोथ्यांची गत याहून वाईट. सचित्र पोथी अखंड विकण्यापेक्षा तिची पानं वेगळी करून चौकटीत घालून विकली की पैसे जास्त मिळतात. मग एक पान एका दिवाणखान्यात, दुसरं दुसऱ्या खंडात, आणि पोथी कुठेच नाही.

मूर्तींचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातला चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं तो सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. तज्ज्ञ, वकील, कागदपत्रं, सगळं त्या संस्थेकडे होतं. मालकीचा इतिहास मात्र खोटा रचलेला होता. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेनं देवळात पूर्वी काढून ठेवलेले मूर्तीचे फोटो ताडून पाहिले तेव्हा खरं उघड झालं, आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला. ज्या कागदांनी एवढी मोठी संस्था फसली, त्याच प्रकारचा कागद प्रवासी ग्राहकाला दुकानात दहा मिनिटांत दाखवला जातो. त्यातून तो काय तपासणार?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. लोकांनी जुन्या वस्तू घेतल्या नसत्या तर त्या भंगारात गेल्या असत्या, असं म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरं आहे. खऱ्या जरीच्या किती पैठण्या चांदी-सोनं काढण्यासाठी जाळल्या गेल्या असतील, याची मोजदाद कुणाकडे नाही. तांब्याचे हंडे, घंगाळी, समया वजनावर विकल्या गेल्या. दिनकर केळकर गावोगाव हिंडले नसते तर पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातल्या हजारो वस्तू आज अस्तित्वात नसत्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनीच तिथे आणून उभे केले. केळकरांबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. पण त्यांनी जमवलं ते विकण्यासाठी नव्हतं आणि दिवाणखाना सजवण्यासाठीही नव्हतं. सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला आणि तो आज कुणीही तिकीट काढून पाहू शकतो. त्यांचं नाव घेऊन आपल्या बैठकीसाठी समई उचलणं हा युक्तिवाद मला मान्य नाही. तरीही एक सूट मी देईन. ओळखीच्या घरातलं साधं गृहोपयोगी भांडं, अडकित्ता, पानाचा डबा, पाट मोडीत निघत असेल तर तो जरूर घ्यावा; घर कुणाचं, गाव कोणतं, वस्तू कशासाठी वापरत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावं. ही माहिती गेली की उरतं ते फक्त धातूचं वजन.

मग प्रवासात घ्यायचं काय, याचं उत्तर बिदरमध्ये फार चांगलं मिळतं. बिदरी काम बहामनी काळापासून दख्खनमध्ये चालत आलं आहे आणि ते समजून घेण्यासाठी कारखान्यात तासभर बसण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू मातीच्या साच्यात ओततात. ती घासून गुळगुळीत केली की मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरती काळी करतात, म्हणजे त्यावर टोकदार अवजारानं काढलेली नक्षी उठून दिसते. मग छिन्नीनं रेषा कोरायची आणि त्या चरांत चांदीची तार किंवा पत्र्याचे कातरलेले तुकडे ठोकून बसवायचे. पुन्हा घासल्यावर सगळी वस्तू एकसारखी करडी-पांढरी दिसते, चांदी कुठली आणि जस्त कुठलं ते कळतही नाही. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून त्यात वस्तू बुडवतात. जस्ताचा मिश्रधातू गडद काळा होतो आणि चांदी तशीच झळकत राहते. हा काळा रंग लेप नसतो, धातूचा पृष्ठभागच बदललेला असतो. हे एकदा पाहिलं की नकली बिदरी ओळखायला कुणाची गरज पडत नाही: वरून फासलेला काळा रंग कडेला सुटतो, नक्षीच्या जागी नुसती पांढरी छपाई असते आणि तारेची ठोकणी बोटाला लागत नाही.

नव्या कामात जुन्याची सर नाही, असं यावर म्हटलं जातं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातली बिदरी पाहिली की हे म्हणणं खरं वाटतं. तिथल्या फुलांच्या वेलीची लय आणि चांदीची उदार योजना आजच्या किल्लीच्या साखळीत नाही. पण कारण कारागिराच्या हातात शोधण्याआधी मागणीत शोधावं. सरदार आणि नबाब महिनोन्‌महिन्यांच्या कामाचे पैसे देत. आजचा पर्यटक दोन तासांत होणारी, बॅगेत मावणारी भेटवस्तू मागतो. ज्याला उत्तम काम हवं त्यानं आधी संग्रहालयात नमुना पाहावा, त्याचं चित्र कारागिराला दाखवावं, आगाऊ रक्कम द्यावी आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबावं. असं काम आजही करून मिळतं. पैठणीचंही तसंच: येवल्याला किंवा पैठणला मागावर जाऊन पदराची उलटी बाजू पाहावी, हातानं विणलेला मोर दोन्ही बाजूंनी सारखाच रेखीव दिसतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम केलेलं नवं घंगाळ घेतलं तर त्यावरचा प्रत्येक ठोका पत्रा घट्ट करण्यासाठी घातलेला असतो, केवळ शोभेसाठी नाही.

सावंतवाडीचा दाखला या वादात मला निर्णायक वाटतो. गंजिफा रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. भोसले राजघराण्यानं, विशेषतः राजमाता सत्वशीलादेवींनी, उरलेल्या वृद्ध चितारी कलाकारांकडून ही विद्या पुढच्या लोकांना शिकवून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आज तिथे दशावतारी गंजिफाचे गोल पत्ते रंगवताना पाहता येतात. दहा अवतारांचे बारा-बारा, असे एकशेवीस. जुने सुटे पत्ते विकत घेऊन ही कला वाचली नसती. नव्या जोडाला गिऱ्हाईक मिळालं म्हणून ती वाचली. कारैकुडीजवळच्या आत्तंगुडी गावातही काचेवर रंग ओतून सिमेंटच्या फरशा अजून हातानं घडतात. वाड्याचा खांब आणण्यापेक्षा त्या फरशा आणाव्यात. वाडा तिथेच राहतो आणि फरशी करणाऱ्याच्या घरी चूल पेटते.

हस्तकामाच्या किमतीबद्दल कुरकुर करणाऱ्यांना एवढंच सांगेन की बनावट जुन्या वस्तूसाठी मोजलेल्या पैशांत अस्सल नवी वस्तू बहुतेक वेळा येते. घासाघीस करायचीच असेल तर ती दलालाशी करावी, कारागिराशी करू नये.

पुढच्या सहलीत दुकानाआधी संग्रहालय गाठा, संग्रहालयानंतर कारखाना. आडगावच्या देवळात, जुन्या वाड्यात जाल तेव्हा गुरवाची किंवा घरमालकाची परवानगी घेऊन मूर्तीचे, दाराचे, भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढा, मूर्तीच्या पायथ्याचे आणि शक्य असेल तर पाठीचेही; गावाचं नाव आणि तारीख लिहून एक प्रत त्याच गावात ठेवा. आणि कारागिराकडून काही घेतलंत, तर पावतीवर दुकानाच्या नावाबरोबर त्याचंही नाव लिहून मागा.